सात घरांचं कुलूप

३ मार्च, सोमवार

तीन नंबरची चावी लागली नाही!

विजापूर रोडचं मुलींचं वसतिगृह. तळमजल्यावर बाथरूमच्या आतल्या भिंतीला लावलेलं पॅडचं मशीन — पाच रुपयांचं नाणं टाकलं की एक पाकीट. चावी आत गेली, पण फिरेना. काढली, फुंकली, परत घातली. तीच गत. मग जुडग्यातल्या एकेक करून लावून बघितल्या. चार नंबरनं उघडलं. एकदम अलगद.

मागच्या सोमवारी मी स्वतः तीनवर बंद करून आलो होतो. माझ्या हातून असल्या गोष्टीत चूक होत नाही. म्हणजे कुणीतरी कुलपाचं घर बदललं.

आत पाकिटं बरोबर. नाणी बरोबर. काही म्हणजे काही गेलेलं नाही. हेच मला जास्त खटकलं. भुरटा असता तर घेऊन गेला असता. हा कुणीतरी आधी रस्ता तयार करून ठेवतोय. कुलूप परत तीनवर आणून बंद केलं.

दाराशी तिथली आया, सारजाबाई, नेहमीसारखी राखण करत उभी — "पोरींनो थांबा, माणूस आत हाय!" आणि मला — "आटपा की अण्णा, पोरी खोळंबल्यात." तिला एवढी घाई कशाची असते?

४ मार्च, मंगळवार

डोकं थाऱ्यावर आणायला सगळं पहिल्यापासून मांडतो.

कुलपाचं तोंड गोल. मधे खुंटी, तिच्याभोवती सात पिना गोलात उभ्या. प्रत्येकीच्या मागे स्प्रिंग. चावी म्हणजे पोकळ नळी, तिच्या काठावर सात खाचा, कमीजास्त खोल. नळी दाबली की प्रत्येक पिन आपापल्या मापाइतकी आत जाते. सातही एका रेषेत आल्या की आतला ढोल मोकळा होतो आणि फिरतो. एक जरी पिन केसभर मागेपुढे राहिली तर हलणार नाही.

नळीला बाहेरून एक बारीक नाक असतं. कुलपाच्या तोंडात त्या नाकापुरती एक वाट असते, तिथूनच चावी आत जाते. ढोल फिरला की नाक तोंडाच्या काठाआड जातं. मग चावी मधेच कितीही ओढा, येणार नाही. जिथं घातली तिथं परत आणली तरच सुटते.

आता खरी गंमत! बदलचावीला नाक नसतं. ती घालायची, एक सप्तमांश फिरवायची आणि काढून घ्यायची. ढोल तिथंच राहतो. पिना त्याच, त्यांचा क्रम तोच, फक्त सगळ्या एकेक घर पुढं सरकल्या. जुनी चावी बाद. ज्या चावीच्या खाचा एक घर पुढून सुरू होतात ती चालू. सात घरं, सात चाव्या, कुलूप एकच. मागची जीभ रुंद आहे, एक घर सरकली तरी दार धरून ठेवते. ती नंतर नट सोडून सरळ करायची. गावात कुणाची चावी हरवली, चोरीला गेली, तर कुलूप न काढता अर्ध्या मिनिटात नवीन!

ही कुलपं भंगारात आली होती, कुठल्याशा परदेशी खेळाच्या मशीनमधली. मी आणि नंदीशनं मिळून घेतली, तेव्हा तो माझा भागीदार होता. सोबत कागद नाही, माहिती नाही. मी एक मधोमध कापलं आणि बावीस दिवस त्याच्यासमोर बसलो. तेविसाव्या दिवशी कळलं. नववी पास, चादरीच्या कारखान्यातला फिटर मी. आज माझी नऊ मशीनं आहेत — सोलापुरात सहा, बार्शी, वळसंग, अक्कलकोट एकेक. इंजिनियर पोरं येऊन विचारतात, काका हे तुम्हाला कुणी शिकवलं?

कुणी नाही!

बदलचावी दोघांकडंच. एक माझ्याकडं. दुसरी नंदीशकडं.

१० मार्च, सोमवार

परत! तीन लागेना. चारनं उघडलं. बाकीच्या आठ मशीनला काहीही नाही. फक्त इथं. आणि हे कुलूप तर आता सगळ्यात सुरेख चालतंय. चावी जड जायची म्हणून फेब्रुवारीत मीच तोंड साफसूफ करून मोकळं करून दिलं होतं.

सारजाबाईला विचारलं, मी नसताना इथं कोण येतं?

"कोण येतंय? पोरी येत्यात, मी येते, तुमी येता."

"नंदीशला ओळखता?"

"कुठला? म्हादेवाच्या म्होरं बसलेला व्हय?"

बाहेरच्या पोरी खिदळल्या. तिची नात संस्कृती पण होती त्यात. नात अकरावीला आहे. आजी इथं आया, म्हणून नातीला फी माफ, आणि दोघींना जिन्याखालची खोली. म्हणजे चोवीस तास याच इमारतीत! रेक्टर मॅडम रात्री घरी जातात. वॉचमनला आत यायला बंदी. उरतं कोण?

कुलूप परत तीनवर आणलं. तीन माझं घर आहे. मी का सोडू?

१२ मार्च, बुधवार

नंदीशच्या दुकानात गेलो. आता तो कॅमेरे बसवतो. मला बघून खुर्ची पुढं केली.

"अजून तीच कुलपं धरून बसलायस? अरे शेखर, जग क्यूआरवर गेलं."

"तुझी बदलचावी कुठं आहे?"

तो हसत आत घेऊन गेला. देव्हाऱ्यातल्या घंटेचा लोलक तुटला होता, त्या जागी तारेनं बदलचावी टांगलेली! "काय गोड वाजते बघ," म्हणाला आणि वाजवून दाखवली.

तारेला गंज चढलाय, चावीवर भस्माचे थर. काढलेली दिसत नाही. पण छाप घेऊन परत टांगता येते. पूजेच्या वेळी कोण कोण येतं, ते विचारायचं राहिलं.

१७ मार्च, सोमवार

आज तीननंच उघडलं. पहिल्या झटक्यात.

म्हणजे ती सावध झाली. मागच्या सोमवारी मी प्रश्न विचारायला नको होते.

बंद केल्यावर कुलपाच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवली. दोन्ही टोकांना, अर्धी कागदावर अर्धी पत्र्यावर, माझी सही. सारजाबाई बघत होती. "आता ह्ये आनि काय? मशीनला पट्टी बांधली?" म्हणाली. "लागलंबिगलंय का त्येला?"

लई विनोदी बाई आहे.

१९ मार्च

रंगपंचमी. घरातच बसलो. आज सगळ्या गावाचे हात रंगलेले, कुणाच्या बोटाला काय लागलंय ते ओळखू येणार नाही — हे डोक्यात आलं आणि चहा गार झाला.

२४ मार्च, सोमवार

पट्टी जशीच्या तशी. सही जुळते. कागदाला सुरकुतीसुद्धा नाही.

पट्टी काढली. चावी घातली. तीन लागेना! चारनं उघडलं.

पाच मिनिटं पट्टी उलटसुलट करून बघितली. बाहेरून "झालं का काका?" "आटपा अण्णा!" चालूच.

मग उलगडा झाला. वाफ! पट्टी वाफेवर सोडवली, काम केलं, परत तशीच बसवली. आणि सकाळचा चहा-नाष्टा करायला स्वयंपाकघर कुणाच्या ताब्यात असतं? सारजाबाईच्या. एवढ्या सफाईचा हात! बाई साधी दिसते, तेवढी नाही.

पाकिटं मोजली. बरोबर. तीनदा मोजली.

२५ मार्च, मंगळवार

रेक्टर मॅडमना लेखी दिलं. तारीखवार. "मशीनच्या कुलपाशी वारंवार छेडछाड होत आहे. हे जाणकार हाताचे काम आहे. त्या ठिकाणी चोवीस तास वावर असणारी व्यक्ती एकच आहे." नाव लिहिलं नाही. नाव लिहायची गरज नव्हती.

देण्याआधी महेश्वरीनं वाचलं. बायको म्हणून तिला दाखवलं, सल्ला मागितला नव्हता.

"काय गेलंय का मशीनमधलं?"

"नाही."

"मग तक्रार कशाची?"

"जाणार आहे त्याची."

तिनं कागद घडी घालून परत दिला. कुलपाचं तिला काय कळणार.

२७ मार्च, गुरुवार

सारजाबाई वर्कशॉपवर आली. ऊन डोक्यावर, विजापूर रोडवरून चालत आली असावी. दारातच उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"अण्णा, मॅडमनी तुमचा कागुद दावला. म्हनल्या, सोमवारपास्नं येऊ नको."

"मी तुमचं नाव घेतलेलं नाही."

"नाव घ्याया लागतंय व्हय?"

ती पुढं म्हणाली — "त्या मशीनला मी सकाळ-संध्याकाळ फडकं मारते. त्याच्या पल्याड माझा हात जात न्हाय. पोरींच्या अडीनडीचं हाय त्ये. माझ्याकडं चावी हाय म्हनता, तर चला, दावा कुटं हाय ती. माझी पेटी उघडून बगा. तिला कुलूप बी न्हाय."

"चावी पेटीत कोण ठेवतं, बाई?"

"मग कुटं ठेवत्यात? तुमालाच म्हाईत." मग आवाज खाली आणून — "संस्कृतीची परीक्षा एप्रिलात हाय. ती झाली की मी आपुन होऊन जाते. तंवर मॅडमना सांगा. तुमचं ऐकत्यात त्या. पोरगी हितनं उटली तर तिची शाळा तितंच संपली बगा. गावाकडनं रोज येनं-जानं हुत न्हाय."

गाव बार्शीच्या पुढं आहे म्हणाली.

मी म्हटलं, विचारून बघतो. तिनं पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर तांब्या स्वतः विसळून पालथा ठेवला.

जाताना बाकावरच्या कुलपांकडं फार वेळ बघत होती. नोंद करून ठेवतो.

२८ मार्च

मॅडमना फोन केला नाही. आधी ठरवलं होतं करायचा. पण आपण रदबदली केली की आपल्याच तक्रारीत दम नव्हता असं होतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला. मॅडमचा फोन — उद्यापासून नवीन बाई येतेय, तुम्ही निर्धास्त या.

३१ मार्च, सोमवार

कुलूपच बदललं. जुनं काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वर तारीख टाकली, तोंड दोऱ्यानं बांधलं. पुरावा आहे. उद्या कुणी म्हटलं की गरीब बाईवर आळ घेतला, तर दाखवायला.

नवीन आया दाराशी उभी राहत नाही. बोळाचं दार लावून निघून जाते. घाई नाही, ओरडा नाही. सावकाश काम झालं.

येताना जिन्याखालची खोली उघडी दिसली. रिकामी. भिंतीवर परीक्षेचं वेळापत्रक तेवढं राहिलंय, चारी कोपऱ्यांना पीठ लावून चिकटवलेलं. निघालं नसणार.

७ एप्रिल, सोमवार

तीननं उघडलं!

मॅडमनी ऑफिसात बोलावून चहा दिला. "बघा अण्णा, बाई गेली आणि तुमचं कुलूप सुधारलं."

मी म्हटलं, कुलूप कधी बिघडलंच नव्हतं, मॅडम.

१२ एप्रिल, शनिवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

दुपारी वर्कशॉपमधे होतो. घर वरच आहे. महेश्वरी जिन्यातून कानडीत जेवायला हाक मारत होती — "ऊटक्क बर्री, भाकरी गार होतेय." तिसऱ्या हाकेला ती स्वतःच खाली आली. बाकावर पिशवीतलं कुलूप होतं. म्हणाली, "या एवढ्याशासाठी त्या बाईला घालवलं होय?"

ते शब्द मला लागले. म्हटलं, थांब, तुला दाखवतो. एवढ्याशात काय काय आहे ते बघ. कुलूप शिकंज्यात धरलं. चावी घातली. पिना, ढोल, नाक, सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, आता मी चावी थोडी फिरवतो. नाक काठाआड गेलं. आता तू ओढ. बैल लावून ओढलीस तरी येणार नाही. म्हणून म्हणतो, बदलचावीवाचून घर बदलताच येत नाही.

तिनं पदराला हात पुसले. चावी धरली. थोडी इकडंतिकडं हलवली.

आली. हातात.

"ही तर निघाली की, अहो."

म्हटलं, तू नीट धरली नव्हतीस. कुलूप तीनवर आणून मी परत घातली, फिरवली, ओढली. आली. परत. आली. एक सप्तमांशावर जराशी अडखळते, तिथं ओढली की सुटते. आणि ढोल तिथंच! तीनचं चार झालेलं!

महेश्वरी बघत राहिली. म्हणाली, "जेवायला या." आणि वर गेली.

१३ एप्रिल, रविवार

भिंग लावून तोंडाचा काठ बघितला. नाकाच्या वाटेशेजारी, जिथं काठ खडा हवा, तिथं तो गोल झालाय. झिजलेला नाही, कानसलेला आहे. ओरखडे उजवीकडून खाली डावीकडं उतरतात. मी डावखुरा. माझ्या कानसेचा फटकारा मी हजारात ओळखीन.

फेब्रुवारी. चावी जड जाते म्हणून "मोकळं करून दिलं". दोन हात मारले असतील, जास्तीत जास्त तीन. तेवढ्यात काठाची धार गेली आणि नाकाला अडवणारं काही राहिलं नाही.

बाकी सगळं आता सरळ दिसतं. बाहेरून आटपा, आटपा. मी घाईनं चावी परत फिरवतो, पुरती घरापर्यंत न आणता जराशी अडखळली की ओढतो. निघते. मला वाटतं बंद झालं. दार तर बंदच असतं, जीभ रुंद. १७ तारखेला तीननं उघडलं, कारण १० तारखेला तिच्यावर नजर ठेवायच्या नादात मी सावकाश बंद केलं होतं. पट्टीखाली कुलूप सरकलं, कारण पट्टी लावायच्या आधीच ते सरकलेलं होतं. वाफ म्हणे!

प्रत्येक वेळी शेवटचा हात माझा होता. हे मला एकदाही सुचलं नाही. सगळ्यांची नावं घेऊन झाली, देवाच्या घंटेपर्यंत जाऊन आलो.

कुणाला कळायचं कारण नाही. नवीन कुलूप ठणठणीत आहे. सांगितलं तर नऊच्या नऊ मशीनची कामं जातील. असल्या माणसाच्या हातात किल्ल्या कोण ठेवेल? आणि नंदीश — त्याला तर आयुष्यभराचं हसू.

महेश्वरी सकाळपासून एवढंच बोलली — "पोरीची परीक्षा चालू झाली असेल."

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. ऑफिस बंद. बरं वाटलं. बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

१५ एप्रिल, मंगळवार

बार्शीच्या एसटीत लिहितोय. तिथनं पुढं सारजाबाईचं गाव. अक्षर हलतंय.

सकाळी मॅडमसमोर बसलो. "मॅडम, ते जुनं कुलूप —" एवढंच तोंडातून निघालं. त्या म्हणाल्या, "अहो, ते मिटलं. बाईनं कबूल केलंय." ड्रॉवरमधून कागद काढला. 'मी खोटी चावी वापरून मशीन उघडले व चाळीस पाकिटे घेतली.' खाली सारजाबाईची सही, एकेक अक्षर सुटं. निघायच्या दिवशी पोलिसांत देऊ म्हटल्यावर मुकाट्यानं केली म्हणे.

चाळीस! एक कमी नव्हतं. मी तीनदा मोजली होती.

"चावीचं वर्णन तेवढं राहिलंय," मॅडम म्हणाल्या. "वसतिगृहाला आया पुरवणारा कंत्राटदार मागतोय. मला त्यातलं कळत नाही. तुम्हीच लिहा, अण्णा." जागा मोकळी सोडली होती. पेन पुढं केलं.

मी लिहिलं — अशी चावी नव्हती. कुलूप माझ्या कानसेनं बिघडलं आणि माझ्याच हातानं सरकत होतं. पाकीट एकही गेलेलं नाही. खाली पूर्ण नाव, तारीख, सही.

"हे काय लिहिलंत?"

म्हटलं, वर्णन.